माजी सैनिकांच्या आठवणी कशा जतन कराव्यात: नाशिक जिल्ह्यात हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

आपल्या गावांत माजी सैनिकाचा सन्मान करण्याची पद्धत ठरलेली आहे. 26 जानेवारीला किंवा 15 ऑगस्टला त्यांना व्यासपीठावर बसवले जाते, शाल-श्रीफळ दिले जाते आणि ‘दोन शब्द’ बोलण्याची विनंती केली जाते. ते पाच मिनिटे बोलतात. बहुतेकदा दरवर्षी तेच बोलतात, कारण समारंभाला शोभेल असे तेवढेच असते. खंदक खणताना जमीन कशी लागली, जेवण किती दिवस गार खाल्ले, शेजारच्या बंकरमधला सोबती कोणत्या गावचा होता, हे कोणी विचारत नाही आणि विचारले तरी सभेत सांगता येत नाही. मौखिक इतिहासाचे, म्हणजे माणसाच्या तोंडून त्याच्या आठवणी ऐकून नोंदवण्याचे, काम नेमके तेथून सुरू होते. म्हणून नवोदितांनी पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, आपण सत्कार करायला जात नसून ऐकायला जात आहोत. पुढच्या बहुतेक सूचना यातूनच निघतात.

प्रथम कोणाकडे जावे

वयाचा हिशेब निर्दय असतो. 1962 आणि 1965 च्या युद्धांत लढलेले सैनिक आज ऐंशीच्या पुढे आहेत. 1971 साली विशीत असलेला जवान पंचाहत्तरीच्या आसपास आहे. कारगिलमध्ये लढलेल्यांना अजून वेळ आहे आणि त्यांतील अनेक जण नोकरीधंद्यात असल्याने त्यांनाच सवड नसते. म्हणून यादी करताना युद्धाचा क्रम आणि व्यक्तीची प्रकृती यांकडे पाहावे, हुद्द्याकडे किंवा पदकांकडे नव्हे. पदक मिळालेल्यांच्या मुलाखती वर्तमानपत्रांतून काही प्रमाणात तरी आलेल्या असतात. रसद पोहोचवणारा चालक, सिग्नलचा जवान, लष्करी रुग्णालयातील शुश्रूषा करणारा, लंगरमधला आचारी यांच्याकडे सहसा कोणी गेलेले नसते, आणि युद्ध रोजच्या रोज कसे चालले हे त्यांनाच अधिक ठाऊक असते.

नाशिकची एक विशेष बाब आहे. नाशिक रोडचे तोफखाना केंद्र आणि देवळालीचे तोफखाना विद्यालय यांमुळे येथे दोन प्रकारचे माजी सैनिक भेटतात: सिन्नर, निफाड, चांदवड, बागलाण अशा तालुक्यांतून भरती होऊन देशभर गेलेले आपले लोक, आणि पंजाब, तामिळनाडू किंवा केरळमधून येऊन निवृत्तीनंतर देवळाली-नाशिक रोड परिसरात स्थायिक झालेले. दुसऱ्या गटाला ‘बाहेरचे’ समजून वगळू नये. त्यांची नातवंडे आपल्याच शाळांत शिकत आहेत.

पत्ता मिळवण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तालुक्याची माजी सैनिक संघटना आणि ग्रामपंचायत हे तीन दरवाजे आहेत. घरपट्टीच्या सवलतीमुळे ग्रामसेवकाला गावातील माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा सहसा माहीत असतात. मात्र कोणत्याही कार्यालयाकडे नावांची यादी मागू नये. ती देणे त्यांनाही योग्य वाटणार नाही. आपले एक पानी पत्र द्यावे आणि ते संबंधितांपर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी. ज्यांना रस असेल ते स्वतः फोन करतात. नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी बरेच निवृत्तिवेतनधारक बँकेत येतात. त्या दिवसांत संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना भेटल्यास एका फेरीत अनेकांची गाठ पडते.

जाण्यापूर्वीचा अभ्यास

फार वाचन लागत नाही, पण काही तारखा पक्क्या हव्यात. चीनचे आक्रमण 20 ऑक्टोबर 1962 रोजी सुरू झाले आणि 21 नोव्हेंबरला युद्ध थांबले. 1965 मध्ये 6 सप्टेंबरला लाहोर आघाडी उघडली आणि 23 सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली. 1971 चे युद्ध 3 ते 16 डिसेंबर असे चालले. कारगिलची लढाई मे ते जुलै 1999 मधली. त्यांच्या जोडीला 1984 पासूनचे सियाचीन आणि 1987 ते 1990 या काळातील श्रीलंकेतील शांतिसेना या मोहिमाही लक्षात ठेवाव्यात. श्रीलंकेहून परतलेल्यांना आपल्याविषयी कोणी काही विचारत नाही याची खंत असते.

वृद्ध माणसाला तारीख आठवत नाही, सण आठवतो. यासाठी जुनी पंचांगे उपयोगी पडतात. 1962 चे युद्ध सुरू असताना घरोघरी दिवाळी होती. 1965 मध्ये लाहोर आघाडी उघडली तेव्हा गणेशोत्सव चालू होता. 1971 चे युद्ध दत्तजयंतीच्या लागलीच पुढे सुरू झाले, आणि कारगिलच्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. ‘तार आली तेव्हा घरी गणपती होते का?’ किंवा ‘सुट्टीवर आलात तेव्हा बहात्तरचा दुष्काळ पडला होता का?’ असे विचारल्यास काळाची गाठ बसते. 1967 च्या डिसेंबरातील कोयनेचा भूकंप हीदेखील एक चांगली खूण आहे. 1962 च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण 1963 साली नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, हे त्या पिढीतील अनेकांना लख्ख आठवते आणि बोलणे सुरू करण्यास ते निमित्त पुरते. उत्तर मात्र आपण सुचवू नये. खूण विचारावी आणि थांबावे.

तोफखान्यातील व्यक्तीकडे जाताना आणखी थोडी माहिती असावी. 25 पौंडी तोफ सुमारे 12 किलोमीटरपर्यंत मारा करी आणि एका तोफेवर साधारण सहा जणांची तुकडी असे. लक्ष्य दिसे ते पुढे ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर, बसलेल्या अधिकाऱ्याला. तोफेवरच्या गनरला केवळ दिशा आणि उंचीचे आकडे ऐकू येत. त्यामुळे संपूर्ण युद्ध लढूनही शत्रूचा सैनिक डोळ्यांनी न पाहिलेले गनर पुष्कळ आहेत. ‘समोर शत्रू दिसला तेव्हा काय वाटले?’ हा प्रश्न अशा व्यक्तीला विचारल्यास ते संकोचाने काहीतरी ऐकीव सांगतात, आणि ते ऐकीव पुढे इतिहास म्हणून राहते. त्याऐवजी गोळे कोठून येत, नळी किती तापत असे, रात्री तोफ हलवताना काय करावे लागे, हे विचारावे.

पहिली भेट यंत्राशिवाय

पहिल्या भेटीत ध्वनिमुद्रण करू नये. चहा घ्यावा, आपण कोण, हे कशासाठी करत आहोत आणि ऐकणार कोण हे सांगावे, आणि घरातील मंडळींशीही बोलावे. गावात प्रत्येक निवृत्त सैनिकाला आदराने ‘मेजर’ म्हणतात. आपणही बोलताना तसे म्हणावे, परंतु नोंदीत प्रत्यक्ष हुद्दा लिहावा: नायक, हवालदार, सुभेदार, किंवा निवृत्तीच्या सुमारास मिळालेला मानद कॅप्टन. हुद्दा, पलटण किंवा रेजिमेंट, भरतीचे आणि निवृत्तीचे वर्ष डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्त होताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तिकेत, असते. ते दाखवण्याची विनंती करावी. त्यावरील सेवाक्रमांक, निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक, बँकेचा तपशील यांचे छायाचित्र घेऊ नये आणि चुकून आल्यास झाकल्याशिवाय ठेवू नये. निवृत्तिवेतनधारकांची फसवणूक अशाच कागदांवरून होते.

संमतीपत्र मराठीत, एका पानात आणि मोठ्या अक्षरांत असावे. मुलाखत सर्वांना ऐकवावी, नाव वगळून ऐकवावी, केवळ कुटुंबाकडे ठेवावी, की ठरावीक वर्षांनंतर किंवा आपल्या पश्चातच खुली करावी, असे पर्याय त्यात स्पष्ट लिहावेत. ऐकून झाल्यावर एखादा भाग काढायला सांगण्याचा अधिकार त्यांना आहे, हेही लिहावे आणि तोंडी सांगावे. सही पहिल्या भेटीत घेण्याची घाई नको. कागद त्यांच्याकडे ठेवावा, मुलाला किंवा सुनेला वाचू द्यावा आणि मुलाखत संपल्यावर सही घ्यावी, कारण आपण काय बोललो हे माणसाला तेव्हाच ठाऊक असते.

जागा आणि ध्वनिमुद्रण

महागड्या साधनांची गरज नाही. साधा मोबाइल आणि शर्टाला लावायचा वायरचा मायक्रोफोन पुरतो. ध्वनी डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट या मापाने घ्यावा. एका तासाला मोनोमध्ये सुमारे 500 एमबी जागा लागते, स्टिरिओमध्ये दुप्पट. मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवावा, नाहीतर नेमक्या प्रसंगी फोन वाजतो. खोली आतली आणि लहान असावी. गोधड्या, गाद्या असलेली खोली उत्तम, कारण तेथे आवाज घुमत नाही. पंखा बंद करावा. नाशिकचा उन्हाळा पाहता हे नेहमी जमणारे नाही, म्हणून शक्यतो सकाळची वेळ घ्यावी आणि कुकरच्या शिट्ट्या आटोपल्यावर बसावे. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावे मोठ्याने बोलून घ्यावीत. फाइलचे नाव पुसले गेले तरी ओळख फाइलच्या आतच राहते.

तोफखान्यात काम केलेल्या अनेकांची श्रवणशक्ती कमी झालेली असते. त्यांच्या बऱ्या कानाच्या बाजूस, चेहरा दिसेल असे बसावे. ओरडू नये, सावकाश आणि छोटी वाक्ये बोलावीत.

चित्रफीत हवी असा आग्रह हल्ली सर्वत्र दिसतो. माझे मत असे की पहिल्या मुलाखतीत केवळ आवाज घ्यावा. कॅमेरा समोर आला की माणूस ताठ बसतो, टोपी-पदके घालून येतो आणि पुन्हा तेच 26 जानेवारीचे भाषण सुरू होते.

विचारणे आणि गप्प राहणे

युद्धापासून सुरुवात करू नये. घर, शेती, शाळा कितवीपर्यंत, भरतीला कोणाबरोबर गेलात, आईला काय सांगितले होते, येथून सुरू करावे. प्रशिक्षण, पहिली पोस्टिंग, पहिली सुट्टी असे करत युद्धापाशी यावे, आणि युद्धानंतर परत घरापर्यंत जावे. निवृत्तीनंतरची वर्षे बहुतेक मुलाखतकार सोडून देतात. बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी करताना, द्राक्षबाग उभी करताना, सरकारी जमिनीच्या अर्जासाठी हेलपाटे घालताना फौजेतले आयुष्य कसे आठवत होते, हे ऐकल्याशिवाय ती कहाणी पुरी होत नाही.

प्रश्न वस्तूंविषयी असावेत. अंगावर काय होते, पाणी कशातून पीत होता, पत्र कोण लिहून देई. ‘तुम्हाला अभिमान वाटतो का?’ या प्रश्नाला एकच उत्तर असते. कागद-पेन्सिल पुढे ठेवून ठाण्याचा किंवा तोफा लावलेल्या जागेचा नकाशा काढायला सांगावे; काढता काढता दहा गोष्टी आठवतात, आणि तो कागदही तारखेसह जपावा. उत्तर संपले असे वाटले की मनात हळूच पाच आकडे मोजावेत. महत्त्वाचे वाक्य पुष्कळदा त्या शांततेनंतर येते. दीड तासाहून अधिक बसू नये, पुन्हा यावे.

भाषा सुधारू नये. बागलाण-मालेगावकडील माणूस भावनेच्या भरात अहिराणीवर येतो, पंचवीस वर्षे फौजेत काढलेला मधेच हिंदीत बोलतो. तसेच बोलू द्यावे.

पत्नीची मुलाखत वेगळी आणि स्वतंत्र वेळी घ्यावी. पती समोर असताना त्या ‘यांनाच विचारा’ असे म्हणून आत जातात. 1971 च्या डिसेंबरात गावात रेडिओ एकाच घरी असताना बातम्या कशा कळत, पाकिटावर 56 एपीओ किंवा 99 एपीओ असा लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक एवढाच पत्ता असल्याने नवरा कोठे आहे हे ठाऊक नसताना सासरी दिवस कसे काढले, हा इतिहास सर्वस्वी त्यांच्याकडे आहे. वीरपत्नी आणि वीरमाता यांच्याबाबत तर ओळखीच्या व्यक्तीमार्फतच आणि पुरेशा अवधीने जावे.

दुखऱ्या जागा

बोलता बोलता आवाज बसतो, हात थरथरतात, डोळे भरून येतात. अशा वेळी यंत्राकडे न पाहता माणसाकडे पाहावे आणि ‘थांबू या का?’ असे विचारावे. थांबायचे की नाही, हे त्यांनी ठरवायचे. अश्रू आले म्हणून मुलाखत यशस्वी झाली, असा समज असेल तर या कामात पडू नये. निघण्यापूर्वी बोलणे हलक्या विषयावर आणावे, घरात कोणी सोबत आहे याची खात्री करावी आणि दुसऱ्या दिवशी फोन करावा. रात्री झोप न लागणे, जुनी दृश्ये वारंवार दिसणे असे कुटुंबीयांनी सांगितल्यास ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधील डॉक्टरांना भेटण्याचे सुचवावे. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. आपण समुपदेशक नाही, हे विसरू नये.

यापेक्षाही नाजूक प्रसंग असतो तो सोबत्याच्या मृत्यूचा. शेजारच्या तालुक्यातील एखादा जवान कसा पडला, शेवटी काय म्हणाला, हे सांगणारा साक्षीदार आपल्यासमोर बसलेला असतो, आणि त्या जवानाच्या घरी मात्र तारेतील चार शब्दांपलीकडे कधी काही पोहोचलेले नसते. अशी मुलाखत जाहीरपणे ऐकवण्याआधी सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्या कुटुंबाला भेटावे, काय सांगितले गेले आहे याची कल्पना द्यावी आणि त्यांना ऐकायचे आहे का हे विचारावे. काहींना ऐकायचे नसते. तेवढा भाग मग बंद ठेवावा. एखाद्या सहकाऱ्यावर नाव घेऊन केलेला भ्याडपणाचा किंवा चोरीचा आरोपही असाच. ज्याला उत्तर द्यायला संधी नाही त्याचे नाव गावात फिरवू नये.

शासकीय गुपिते अधिनियम, 1923 निवृत्तीनंतरही लागू असतो. जुन्या युद्धांतील दैनंदिन आयुष्य सांगण्यास सहसा अडचण नसते, पण आजही वापरात असलेली ठाणी, शस्त्रास्त्रे, संकेतव्यवस्था किंवा अलीकडच्या दहशतवादविरोधी मोहिमा यांचा तपशील विचारूच नये. सांगणारे ‘हे राहू द्या’ म्हणाले की विषय तेथेच सोडावा.

पेटीतील कागद आणि वस्तू

बहुतेक घरांत नाव रंगवलेली काळी पत्र्याची पेटी असते. तिच्यातील काहीही घरी नेऊ नये. तेथेच छायाचित्रे काढावीत किंवा स्कॅनर न्यावा. जुनी छायाचित्रे 600 डीपीआयने (एका इंचात 600 ठिपके) स्कॅन करावीत, अल्बमच्या काळ्या कागदावर चिकटलेली असल्यास सोडवू नयेत, आख्खे पान स्कॅन करावे. मागे काही लिहिलेले असल्यास तीही बाजू घ्यावी. पत्रांना आणि छायाचित्रांना लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा निघत नाही. पदके चिंचेने घासू नयेत: कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असते आणि घासून घासून ते झिजते. त्या कडेचे छायाचित्र घेतल्यास नोंदीसाठी जपून ठेवावे, बाहेर देऊ नये. 1965 चा समरसेवा स्टार किंवा 1971 चे ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडी) आणि ‘पश्चिमी स्टार’ (पश्चिम आघाडी) ही पदके पाहिली की सैनिक कोणत्या युद्धात किंवा आघाडीवर होता, याचा पुरावा हाती येतो.

पडताळणी आणि लेखन

आठवण चुकू शकते. दोन युद्धांतील प्रसंग एकत्र होतात, ऐकलेले स्वतः पाहिल्यासारखे वाटू लागते. त्यावरून समोरच्याला खोडून काढू नये. सांगितलेले जसेच्या तसे ठेवावे आणि तळाशी टीप द्यावी की डिस्चार्ज बुकाप्रमाणे या काळात त्यांची रेजिमेंट अमुक ठिकाणी होती. संबोधनाचा मेजर जसा हुद्द्याच्या रकान्यात जाऊ नये, तशीच आपली दुरुस्ती त्यांच्या तोंडी जाऊ नये.

लिप्यंतर स्वतः करावे. संगणकाकडून कच्चा मसुदा मिळतो, परंतु पलटणीची, गावांची आणि आडनावांची तो वाट लावतो, आणि अहिराणी आली की थांबतोच. एका तासाच्या मुलाखतीला नवख्या माणसाचे सहा-सात तास सहज जातात, हे गृहीत धरूनच मुलाखतींची संख्या ठरवावी. मसुदा छापून त्यांना वाचायला किंवा वाचून दाखवायला न्यावा.

मूळ फाइलला कधीही कात्री लावू नये. संपादन प्रतीवर करावे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, ही व्यवस्था पुरेशी आहे. वर्षातून एकदा प्रत्येक फाइल उघडून ऐकावी. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, एरवी छायाचित्रे आणि चित्रफिती दाबल्या जाऊन त्यांचा दर्जा घसरतो.

गावापर्यंत पोहोचवणे

पहिली प्रत सांगणाऱ्याच्या घरी, पेन ड्राइव्हवर आणि छापील स्वरूपात. हे राहून जाते आणि त्यातून या कामाविषयी कायमचा कडवटपणा येतो. त्यानंतर संमतीनुसार एक प्रत गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयाकडे द्यावी. नाशिक शहरात 1840 पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आहे, आणि जिल्ह्यातील लहान वाचनालयेही जागा देतात. देताना संमतीपत्राची प्रत सोबत जोडावी, म्हणजे पाच वर्षांनी पदाधिकारी बदलले तरी कोणता भाग बंद आहे हे कळते.

संपूर्ण मुलाखत सलग कोणी ऐकत नाही. त्यातून आठ-दहा मिनिटांचे, एकाच प्रसंगाचे भाग काढावेत. शाळेत ऐकवायचे असल्यास 26 जुलैचा कारगिल विजय दिवस, 16 डिसेंबरचा विजय दिवस, 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन किंवा तोफखान्याचा 28 सप्टेंबरचा गनर्स डे हे दिवस सोयीचे पडतात. मुलांना आधी नकाशा दाखवावा, मग आवाज ऐकवावा, आणि सैनिक हयात व इच्छुक असल्यास त्यांना वर्गातच खुर्चीवर बसवून मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. मुले विचारतात ते प्रश्न आपल्याला सुचत नाहीत. तेथे भाषण, हारतुरे, पाहुण्यांची ओळख ठेवू नये. गावच्या पारावर किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात संध्याकाळी श्रवणाचा कार्यक्रम ठेवल्यास शेतीची कामे कमी असलेला काळ पाहावा. द्राक्षाची छाटणी किंवा कांद्याची लागण चालू असताना माणसे येत नाहीत. ऐकवल्यावर माइक श्रोत्यांकडे द्यावा आणि यंत्र चालू ठेवावे, कारण ‘आमचे वडीलही त्याच रेजिमेंटला होते’ असे कोणीतरी म्हणते आणि पुढची मुलाखत तेथेच ठरते. मात्र यंत्र चालू आहे, हे सभेच्या आरंभी सर्वांना सांगितलेले असावे.